जोडाला फुटलेला घाम

वहिनींच्या गच्चीवर पाऊल टाकायचं असेल तर आधी तळवा दाखवावा लागे. जिना संपतो तिथल्या दारात त्या उभ्या राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "पाय वर." गवंडी असो, प्लंबर असो, नाहीतर विजेच्या तारा ओढणारा ठेकेदार असो, भिंतीला हात टेकायचा आणि एकेक पाय मागे उचलायचा. बुटाच्या खाचांत अडकलेला खडा, खिळ्याचं टोक, तारेचा तुकडा, जे काही असेल ते वहिनी आपल्या बोथट पेचकसाने उकरून काढत. ठेकेदार एकदा वैतागून म्हणाला, "मी काय घोडा आहे का नाल ठोकून घ्यायला?"

"घोडा परवडला," वहिनी म्हणाल्या, "तो निदान वाद घालत नाही. दुसरा पाय."

त्या सगळ्यांच्याच वहिनी होत्या. गळक्या गच्च्या बंद करायचा धंदा मुळात त्यांच्या नवऱ्याचा. तो सगळ्यांचा दादा, म्हणून या वहिनी. दादाच्या कंबरेने दगा दिला तेव्हा आता धंदा गुंडाळला जाणार असं सगळे धरूनच चालले होते. वहिनींनी बाह्या सरसावल्या आणि डांबर वितळवायचा बर्नर उचलला. आता दादा घरी खुर्चीत बसून सल्ले देतो आणि वहिनी ते एका कानाने ऐकतात. पण वहिनी-वहिनी करणाऱ्या या सगळ्या गोतावळ्यात खराखुरा दीर एकच होता, आणि त्याला सगळे टापटीप म्हणत.

टापटीप मूळचा पाट्या रंगवणारा. त्याचं अक्षर इतकं सुरेख की गिऱ्हाईक पाटी बघत उभं राही आणि दुकानात शिरायचं विसरून जाई, असं दादा थट्टेने म्हणायचा. पुढे छापील पाट्या आल्या, ब्रश डब्यात वाळून गेले, आणि वहिनींनी त्याला गच्चीवर नेलं. तिथेही त्याचा स्वभाव सुटला नाही. दुपारच्या सुट्टीत तो गॅसच्या नळ्यांची वेटोळी नीट रचून ठेवायचा आणि दुसऱ्यांच्या चपला जोडीने लावायचा.

वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या डब्यापासून शुद्धलेखनापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलेलं, त्यामुळे त्या त्याला सरळ अरे-तुरे करत. फक्त रागावल्या की "भावजी" म्हणत आणि "तुम्ही"वर येत. "भावजी, जरा इकडे या," असं कानावर आलं की टापटीप हातातलं काम तिथेच टाकून उभा राही.

वाचनालयाचं काम घेतलं तेव्हा वहिनी त्याला म्हणाल्या, "ही गच्ची नीट पार पडली ना, की पुढची तुझी. मी तिथे पाय ठेवणार नाही."

टापटीप वरवर नुसतं "बरं" म्हणाला, पण आतून तो हरखून गेला होता. पाटी रंगवून झाली की खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तो आपली सही करायचा. तशी सही करावी असं काम त्याला पुन्हा एकदा हवं होतं. आपण भावाच्या आधाराने जगतो, हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि म्हणूनच ते त्याला जास्त टोचत होतं. एक अख्खी गच्ची स्वतःच्या जबाबदारीवर मिळाली असती तर ती बोच गेली असती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक मोठी, हवेशीर खोली होती आणि ती रिकामी होती. छत गळायचं म्हणून पुस्तकं सगळी खालच्या अंधाऱ्या दालनात कोंबलेली. ग्रंथपालबाईंना ती वर आणायची घाई झाली होती. त्या चष्मा डोक्यावर सारून रोज जिन्यात यायच्या आणि विचारायच्या, "कपाटं आणू का वर?"

"आणा म्हणेन तेव्हा आणा," वहिनी सांगायच्या.

त्या मधल्या काळात टापटीपने वहिनींना काम करताना जसं पाहिलं, तसं यापूर्वी पाहिलंच नव्हतं. आतापर्यंत तो हातातल्या कामात मान घालून असायचा. आता पुढची गच्ची आपली, या विचाराने त्याने डोळे उघडले. गच्चीवर चिकटवायची ती डांबराची जाड चादर, धंद्यातल्या भाषेत मेंब्रेन, जिला एवढ्याशा खड्यानेही भोक पडतं, तिला हात लावायच्या आधीच वहिनींचं निम्मं काम झालेलं असे. स्लॅब वरून कोरडा खडखडीत दिसत होता. तरी त्यांनी संध्याकाळी प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून स्लॅबवर बसवला. सकाळी बघतात तो प्लॅस्टिकच्या आतून बारीक बारीक थेंब.

"दिसलं?" वहिनी म्हणाल्या. "वरून साळसूद, आत ओलावा. आज यावर चादर चिकटवली तर उन्हात त्या पाण्याची वाफ होईल आणि जागोजाग फुगे येतील. थांबायचं."

"किती दिवस?"

"ते त्या थेंबांना विचार."

आणि खरंच, प्लॅस्टिक आतून कोरडं निघेपर्यंत त्या हातावर हात ठेवून बसल्या. बसल्या म्हणजे काय, बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावतं आणि कुठे रेंगाळतं ते पाहिलं, रेंगाळेल तिथे खडूने गोल काढून उतार भरून घेतला. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या काटकोनात सिमेंटचा गोलावा घालतात, त्याला वाटा म्हणतात. वहिनी गवंड्याच्या मागे उभ्या राहून तो बोटांनी चाचपत होत्या.

"भिंत आणि स्लॅब म्हणजे जावा-जावा," त्या टापटीपला म्हणाल्या. "ऊन पडलं की ही एकीकडे ओढते, ती दुसरीकडे. मधे वाटा नीट दिला नाही की चादर काटकोनात दुमडते, आणि मग भांडणात फाटते ती बिचारी चादर."

गवंडी हसला. टापटीपही हसला, पण मनात त्याला वाटलं की ही बाई पाण्याच्या आधी जाऊन पाण्याच्या जागी बसते. पाणी जिथून शिरायचा विचार करील, तिथे या आधीच हजर असतात. आपल्याला असं कधी जमेल, असंही वाटलं, आणि त्याला वहिनींचा फार अभिमान वाटला.

मग चादरीचे रोल उलगडून उन्हात सैल पडू दिले, आणि सगळ्यात खालच्या बाजूने, पाणी जायच्या तोंडापासून, चिकटवायला सुरुवात झाली. बर्नरच्या ज्योतीने चादरीचं पोट वितळवत पुढे सरकायचं. एका चादरीची कड दुसरीवर चढते तो जोड. गच्ची गळते ती बहुतेक जोडातून, म्हणून वहिनींचा सगळा जीव जोडात. दोन्ही थर नीट वितळून एकजीव झाले की दाबताना कडेतून डांबराची काळी, चमकदार रेघ बाहेर येते. तिला त्यांच्याकडे 'घाम' म्हणत. घाम आला म्हणजे जोड बसला. वहिनी रांगत रांगत जोडावरून जात आणि मागून कुणीतरी विचारी, "आला का घाम?" त्यावर "आला," एवढंच उत्तर असे.

जिन्याच्या दारातून आत शिरताच समोर दिसतो तो लांबलचक जोड वहिनींनी टापटीपवर सोपवला. एकट्यावर. त्या स्वतः पलीकडच्या टोकाला पाणी जायच्या तोंडाभोवतीचं नाजूक काम करत होत्या. टापटीपने झकास काम केलं. सरळ रेघेची सवय असलेला हात तो. चादर कुठे वाकडी नाही की सुरकुती नाही. घामही फुटला. पण तो घाम म्हणजे करड्या चादरीवर नागमोडी, कुठे जाड कुठे बारीक काळा ओघळ, आणि तोही अगदी दर्शनी भागात! पाटीवर रंगाचा ओघळ आला तर टापटीपला जेवण जात नसे. चादरीच्या पाठीवर असतात तसले करडे दाणे पोत्याच्या तळाशी उरले होते. त्याने कडेकडेने हलकी ज्योत फिरवली, मऊ झालेल्या घामावर दाणे भुरभुरवले आणि थापीने दाबले. काळी रेघ नाहीशी झाली. जोड कुठे आहे हेही कळेना.

ग्रंथपालबाई पाय वर करून, तपासून घेऊन आत आल्या आणि बघतच राहिल्या. "अगं बाई, किती सुंदर! गालिचा अंथरल्यासारखं दिसतंय." टापटीपने नुसती मान हलवली, पण तो दिवस त्याला हवेत चालल्यासारखा गेला.

सगळं चिकटवून झाल्यावर पाण्याची परीक्षा. पाणी जायची तोंडं बुचं मारून बंद केली आणि गच्चीचं तळं केलं. खाली ग्रंथपालबाई मान वर करून खोलीभर फिरल्या, इतक्या की त्यांची मान दुखायला लागली. थेंब नाही, ओल नाही, साधा डागसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. "आता तरी कपाटं आणू?"

"पाणी उतरू दे, एक शेवटची फेरी मारते," वहिनी म्हणाल्या.

पाणी सोडलं, गच्ची वाळली. वहिनींनी बूट काढून ठेवले आणि अनवाणी निघाल्या. प्रत्येक जोडाशी वाकायच्या, घामावरून बोट फिरवायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "आहे... आहे... आहे." टापटीप मागे मागे. फेरी होत होत दारासमोरच्या जोडाशी आली. वहिनींनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"इथे दिसत नाही."

"आहे, वहिनी. दाण्यांखाली आहे. मी वरून दाणे मारलेत, चांगलं दिसावं म्हणून."

वहिनींनी पेचकसाचं बोथट टोक कडेला लावून सरकवत नेलं. ते कुठेही आत गेलं नाही. त्यांनी एकदा टापटीपकडे पाहिलं. "असेल," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

बाकी सगळीकडे "आहे" आणि आपल्या जोडाला "असेल". टापटीपला ते लागलं. आहेच मुळी, तो मनात म्हणाला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध जोड त्याने मनातल्या मनात पुन्हा चिकटवत नेला, आणि मधेच एके ठिकाणी अडखळला. सिलिंडर. मधेच गॅस संपत आला होता आणि ज्योत पिवळट, मरतुकडी झाली होती. त्याने सिलिंडर बदलला होता. तेवढ्यात ग्रंथपालबाईंनी दारातून काहीतरी विचारलं होतं, तो हसून काहीतरी बोलला होता, आणि पुन्हा ज्योत लावली होती. ज्योत मंदावली की तिथून हातभर मागे येऊन, थंड झालेला भाग पुन्हा तापवून मगच पुढे जायचं, हा धडा त्याला वहिनींनी पहिल्याच आठवड्यात दिला होता. तो मागे आला होता का? आठवेना. त्या जागी घाम आला होता का? तेही आठवेना. आणि ती जागा नेमकी कुठली?

तो जोडाशी बसला आणि डोळे फाडफाडून पाहू लागला. सगळीकडे सारखेच करडे दाणे. दुसऱ्या कुणी केलं असतं तर निदान काळी रेघ कुठे तुटलीय ते दिसलं असतं. त्याने मात्र ती इतक्या सफाईने बुजवली होती की आता त्याची त्यालाच सापडत नव्हती. जोडाला फुटायचा तो घाम आता टापटीपला फुटला.

खाली कपाटं सरकवल्याचे आवाज येत होते. ग्रंथपालबाईंना धीर निघत नव्हता. पाण्याच्या परीक्षेत गच्ची उतरली होती. पेचकस आत गेला नव्हता. वहिनी दाराशी बसून बूट चढवत होत्या. आता गप्प राहिलं की पुढची गच्ची त्याची होती, आणि त्यासाठी त्याला काहीही करावं लागणार नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला. "सिलिंडर बदलला तेव्हा मी मागून तापवत आलो की नाही, मला आठवत नाही."

"कुठे?"

"तेच तर. सापडत नाहीये."

वहिनींनी चढवलेला बूट पुन्हा काढला. आता भावजी म्हणणार, टापटीपने मनाची तयारी केली. पण त्या सरळ जिन्यात गेल्या आणि खाली वाकून ओरडल्या, "बाई, कपाटं थांबवा. आमचा एक जोड उघडायचाय."

"का? गळलं?" खालून घाबरा आवाज.

"नाही गळलं. गळू नये म्हणून."

'आमचा' म्हणाल्या त्या. टापटीपला ते ऐकू आलं आणि त्याला वर बघवेना.

मग दोघं समोरासमोर बसले. एकाने तापवायचं, दुसऱ्याने थापी घालून कड उचलायची. वरून पट्टी मारून भागलं नसतं का, असं टापटीपने विचारून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "आत हवा राहिली असेल तर पट्टीखाली तशीच राहील. उन्हाळ्यात फुगेल, मग पट्टीही उचलेल." म्हणून एका टोकापासून सुरुवात केली. चांगला बसलेला जोड सुखासुखी सुटत नाही. थापीखाली तो ताणला जाई, लांब काळे धागे निघत, आणि शेवटी जोड सुटण्याऐवजी चादरच फाटे. वीत वीत करत टापटीपचं चांगलं काम फाटत होतं. जिथे फाटे तिथे वहिनी म्हणत, "हे बघ, किती छान बसलंय," आणि पुढे सरकत. असं कौतुक त्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. धुरामुळे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

निम्मा जोड संपला आणि पाऊणही संपला. टापटीपला वाटायला लागलं की आपण उगाचच बोललो. सगळं ठीक होतं, आणि आपण गालिच्याच्या चिंध्या केल्या. तेवढ्यात थापी लोण्यात शिरावी तशी आत गेली.

चादरीची कड अलगद उचलली गेली. वर, अगदी कडेला, दाणे दाबताना वितळलेली डांबराची एक बारीक पापडी होती, तेवढ्याच जोरावर ती धरून होती. आत चादरीच्या पोटाला कारखान्यातून लावून येतो तो पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा जसाच्या तसा चमकत होता. ज्योतीने वितळायला हवा होता तो. तळहाताएवढी जागा, आणि तिच्यावर टापटीपला स्वतःचा पुसट चेहरा दिसला.

वहिनींनी थापीने कड पूर्ण उलटून धरली.

"तुम्हाला संशय आला होता ना, वहिनी?" टापटीपने विचारलं. "तुम्ही 'असेल' म्हणालात."

"दिसत नव्हतं म्हणून 'असेल' म्हणाले." वहिनींनी पापुद्र्यावर नख घासून पाहिलं. "मला नसतं कळलं रे. खरंच नसतं कळलं. मी बूट घालून खाली चालले होते."

टापटीपला वाटत होतं की वहिनींपासून काही लपत नाही, आणि त्या भरवशावर तो इतके दिवस निर्धास्त काम करत आला होता. आज पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की या जागेची खबर सगळ्या जगात त्याच्या एकट्याकडे होती. दुसऱ्याची गच्ची आणि स्वतःची गच्ची यात फरक असतो तो हाच, हे त्याला आता कळलं आणि त्याला थोडी भीतीही वाटली.

फाटलेला भाग कापून काढला आणि नवी पट्टी घातली. आजूबाजूचे करडे दाणे आधी तापवून, दाबून डांबरात बुडवले, नाहीतर दाण्यांवर पट्टी धरत नाही. या वेळी बर्नर वहिनींनी टापटीपच्याच हातात दिला. पट्टीच्या दोन्ही कडांनी काळा घाम फुटला, नागमोडी, बेढब, आणि टापटीपने त्याला बोटही लावलं नाही. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा उतरवलं.

ग्रंथपालबाई वर आल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "हे हो काय? आधी किती सुंदर दिसत होतं."

"आता दिसतंय," टापटीप म्हणाला. बाईंना काही ते समजलं नाही, पण कपाटं आणा म्हटल्यावर त्या धावतच खाली गेल्या.

पुढच्या गच्चीचा विषय कुणी काढला नाही. टापटीपने तो मनातून काढून टाकला होता. सामान गोळा करून त्याने नळ्यांची वेटोळी रचली आणि जिन्याकडे निघाला, तेव्हा वहिनींनी खिशातून बोथट पेचकस काढून त्याच्या हातात ठेवला.

"धुऊन ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेव तुझ्याकडे. पुढच्या गच्चीवर लागेल. मी पाय ठेवणार नाही म्हटलं होतं ना?"

पुढची गच्ची एका कापडाच्या गोदामाची होती. सकाळी टापटीप जिन्याच्या दारात उभा राहिला आणि एकेकाला आत सोडू लागला. गवंडी आला, प्लंबर आला, ठेकेदार कुरकुरत आला. सगळ्यात शेवटी जिन्यात ओळखीची पावलं वाजली. वहिनी शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"मी आत येत नाही हं," त्या म्हणाल्या. "इथूनच बघून जाते. यांनी विचारायला पाठवलंय, प्लॅस्टिक लावून पाहिलंस का म्हणून."

"पाहिलं. ओल आहे अजून, थांबलोय," टापटीप म्हणाला. "आत या ना. पण आधी पाय वर."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीला हात टेकला आणि पाय मागे उचलला. "बघा, भावजी."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. टापटीपने खाली वाकून बुटाचा तळवा नीट पाहिला. टाचेच्या खाचेत एक बारीकसा खडा होता. त्याने तो उकरून काढला आणि डब्यात टाकला.

"दुसरा," तो म्हणाला, आणि वहिनींनी दुसरा पाय उचलला.